दोरी पिळायची, वळायची की वळवायची?

सदनिका ३०२ : चिटणीस काका, मुलांच्या शिबिराच्या सूचनेत ‘ताग पिळून दोरी वळवणे’ असे छापले आहे. दोरी पिळतात, वळतात की वळवतात, असे मुलीने विचारले आणि मला खात्रीने सांगता आले नाही. ४०१ च्या आजी, आपण सांगाल का?

सदनिका ४०१ : दोरी वळतात. ओला टॉवेल पिळला की पाणी निघते, पण झटकल्यावर तो टॉवेलच राहतो. वळण्याने मात्र सुटे तंतू एकजीव होऊन नवी वस्तू तयार होते, म्हणूनच कापसाची वात वळतात आणि काथ्याचा सुंभ वळतात. मुलीला हे हातांनीच करून दाखवा. तागाच्या दोन जुड्या घेऊन प्रत्येकीला उजवीकडे पीळ भरायचा आणि मग ते दोन्ही पेड एकमेकांभोवती डावीकडे वळायचे. प्रत्येक पेड आपला पीळ सोडवू पाहतो आणि त्या ओढीतच दुसऱ्याला अधिक घट्ट आवळतो. दोन्ही वेळा एकाच दिशेने फिरवले, तर हात काढताच सगळे उलगडते.

सदनिका १०५ : आजी, मग ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ या म्हणीत पीळ कसा आला?

सदनिका ४०१ : क्रिया वळण्याची, पण वळलेल्या दोरीत जो टिकून राहतो तो पीळ. एकट्या पेडाला पीळच देतात, त्यामुळे सूचनेतील ‘पिळून’ मला पूर्ण चूक म्हणवत नाही. ‘वळवणे’ मात्र खटकते. गाडी वळवावी, मन वळवावे. ‘दोरी वळवली’ म्हटले की ती दुसरीकडे फिरवली किंवा दुसऱ्याकडून वळून घेतली, असा अर्थ होतो. ‘ती वळली’ म्हणजे तिने दिशा बदलली आणि ‘तिने दोरी वळली’ म्हणजे दोरी तयार केली, इतका फरक एका ‘ने’ने पडतो. मूठही वळतात, भीतीने बोबडीही वळते, पण वेणी कोणी वळत नाही. ती घालतात किंवा गुंफतात, कारण तिचे पेड आळीपाळीने एकमेकांवरून जातात, त्यांना पीळ नसतो.

चिटणीस : आजी, आभारी आहे. सूचना बदलून ‘तागाच्या पेडांना पीळ देऊन दोरी वळणे’ अशी फलकावर लावली आहे. मुलांना उलट्या दिशेचे ते तंत्र आपणच शिकवावे, ही विनंती.

सदनिका ४०१ : अवश्य येईन. ताग आधी थोडा ओलसर करून ठेवा, म्हणजे पीळ नीट बसेल.