स्वादुपिंडाच्या शेपटीतली गाठ: सेलब्लॉक तुटपुंजा, मार्कर कुठले आधी लावावेत?

स्लाइडबॉक्स: रुग्ण २२ वर्षांची, शेपटीत ६ सेंमीची गाठ. सीटी रिपोर्टमध्ये 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर?' (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ) असं आहे. ईयूएस-एफएनएच्या (एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या मदतीने सुईने घेतलेला नमुना) सेलब्लॉकमध्ये (त्या पेशी मेणात बसवलेला ठोकळा) जेमतेम मटेरियल. सिनॅप्टोफायसिन (न्यूरोएंडोक्राइन पेशींचा मार्कर) फिकट पॉझिटिव्ह. सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझमची (एसपीएन; मुख्यतः तरुण स्त्रियांत दिसणारी स्वादुपिंडाची गाठ) शंका येतेय. मार्करचा (पेशींतली ठरावीक प्रथिनं दाखवणाऱ्या स्टेनचा) क्रम काय ठेवावा? एमआरआय सुचवू का?

पोर्टलफेज: सुचवा, आणि कॉन्ट्रास्टआधीचा फॅट-सॅट टी१ (चरबीचा सिग्नल दाबलेली एमआरआय प्रतिमा) आवर्जून मागा. त्यावर गाठीच्या आत पांढरं दिसलं म्हणजे बहुधा रक्तस्राव. टी२वर (एमआरआयची दुसऱ्या प्रकारची प्रतिमा) भोवती काळी कड असेल तर ती कॅप्सूल. हे दोन्ही मिळालं आणि वय हे, तर एसपीएन पहिल्या नंबरावर. न्यूरोएंडोक्राइन बहुतेक वेळा आर्टेरिअल फेजलाच (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतानाच्या सुरुवातीच्या टप्प्याला) उजळतो, एसपीएनचा घन भाग हळूहळू भरत जातो. सीटी नुसत्या पोर्टल फेजला (त्यानंतरच्या, शिरांच्या टप्प्याला) काढला असेल तर हा फरक कळणारच नाही, आणि असेच सीटी ढिगाने येतात. एफडीजी पेटवर (किरणोत्सारी साखर देऊन काढलेल्या स्कॅनवर) एसपीएन जोरात चमकू शकतो; त्यावरून ग्रेड काढायला जाऊ नका.

बीटाकॅट: फिकट सिनॅप्टोफायसिन एसपीएनमध्येही येतं, सीडी५६ हा दुसरा न्यूरोएंडोक्राइन मार्करही येतो. त्यांच्यावर आता टिश्यू घालवू नका. ब्लॉक मायक्रोटोमवर (पातळ काप घेण्याच्या यंत्रावर) एकदाच लावून ८-१० कोऱ्या स्लाइड कापून ठेवा. दर वेळी नव्याने लावला की ट्रिमिंगमध्येच निम्मा संपतो.

आधी बीटा-कॅटेनिन, मग क्रोमोग्रॅनिन (हाही न्यूरोएंडोक्राइन मार्कर). सीटीएनएनबी१ जनुकातल्या म्यूटेशनमुळे बीटा-कॅटेनिन केंद्रकात साचतं, म्हणून केंद्रकच रंगलेलं हवं. नुसती पेशीच्या कडेची रेघ म्हणजे नॉर्मल. बाजूला चुकूनमाकून असायनर पेशी (स्वादुपिंडाच्या पाचकरस बनवणाऱ्या नॉर्मल पेशी) आल्या असतील तर त्या आधी बघा: त्यांचीही केंद्रकं रंगली असतील तर स्टेन पुन्हा लावा. क्रोमोग्रॅनिन एसपीएनमध्ये निगेटिव्ह येतं. स्लाइड उरल्या तर सीडी९९, केंद्रकाशेजारी ठिपका दिसतो.

स्लाइडबॉक्स: केंद्रक पॉझिटिव्ह आणि क्रोमोग्रॅनिन निगेटिव्ह आलं तर तिथेच थांबू?

बीटाकॅट: नको. असायनर सेल कार्सिनोमातही कधीकधी बीटा-कॅटेनिन केंद्रकात जातं. ट्रिप्सिन किंवा बीसीएल१० या असायनर मार्करसाठी एक स्लाइड राखा. गिम्सा स्मिअरही (काचेवर पसरून गिम्सा स्टेन दिलेल्या पेशी) पुन्हा काढून बघा: बारीक केशवाहिनी, तिच्याभोवती गुलाबी-जांभळा मिक्सॉइड (जेलीसारखा) पट्टा, त्याला चिकटलेल्या एकसारख्या पेशी आणि केंद्रकांत खाचा. हे चित्र असेल तर अर्धं काम तिथेच झालं.

एसपीएन ठरला तर रिपोर्टमध्ये 'जी१' लिहू नका. केआय-६७ची (पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणारा मार्कर) ती श्रेणी न्यूरोएंडोक्राइनची. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सगळेच एसपीएन लो-ग्रेड मॅलिग्नंट धरते.