भाल्याने मारलेला गोबरा (ग्रुपर मासा) घरी येईपर्यंत मऊ पडतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नवऱ्याला पाण्याखाली भाल्याने मासे मारायचा नवाच नाद लागलाय. गोव्यात मुरगावकडे ग्रांद बेटाजवळ सकाळी सात ते अकरा. मिळतो तो गोबरा नाहीतर तांबोशी, दोन ते चार किलोचे. वाटेकरी चार घरं.

मासा वर येताच कल्ले कापून रक्त काढतात, पण नंतर तो तरंगत्या बोयाच्या दोरीला कोमट पाण्यात तास-दीड तास लोंबकळतो. मांस तिथेच सैल पडत असावं. होडीत २५ लिटरची पेटी आहे. ३ किलो माशाला ६ किलो फोडलेला बर्फ नि ३ लिटर खारं पाणी पुरेल? नुसत्या बर्फावर ठेवला की टेकलेली बाजू तेवढी गार होते, आणि वितळलेलं गोडं पाणी लागून कातडीचा रंग उडतो. डोळ्यामागे टोचून मेंदू मारायची नेमकी जागा गोबऱ्यात कुठे? भाला पोटात लागून पित्त फुटलं तर फक्त कडू भाग कापायचा की अख्खी पोटाची बाजू?

वाटणीचंही सांगा. गोबऱ्याचं डोकं केवढं मोठं! चार किलोतून निव्वळ मांस जेमतेम दीड किलो, म्हणून कापं काट्यासकटच करावीत ना? डोकं हुमणासाठी (नारळाच्या कालवणासाठी) एकाच घरी गेलं की बाकीचे रुसतात. आणि सोमवार-गुरुवारी कुणी घेत नाही, तर रविवारचा मासा आतडी काढून, न धुता बर्फात मंगळवारपर्यंत टिकेल का?