कर्नल ‘अटकला’ की ‘अडकला’?

रामबागवाला: परवा लिनक्सचा नवा कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम) कंपाइल केला नि मशीन सुरूच होईना. घरात म्हणालो, “कर्नल अटकला.” पुण्याहून आलेली मावसबहीण हसायलाच लागली. “अडकला म्हण. आणि कुठल्या पलटणीचा?” इंदूरच्या मराठीवरचे टोमणे लहानपणापासून ऐकतोय. पण ‘अटकणे’ खरंच हिंदी का?

रात्रपाळी: हिंदीत जास्त चालतं, एवढंच. अटक, अटकाव हे रोजच्या मराठीतलेच. (‘अटकेपार’ मात्र यात ओढू नकोस, ती सिंधूकाठची अटक, १७५८ ची.) माझ्या कानाला फरक लागतो तो असा: पतंग तारेत अडकतो, तो सोडवता येतो. अटकलेलं काम पुढे सरकत नाही. ते असो. पडद्यावर शेवटी काय आलं होतं?

रामबागवाला: व्हीएफएस, अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक ०,०. मग कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने हातच टेकले.

रात्रपाळी: मग ‘सुरूच होईना’ सर्वांत चूक! ग्रबने (मशीन चालू होताना कर्नल उचलून देणारा प्रोग्रॅम) त्याला मेमरीत आणून सोडलं, तो धावायलाही लागला, फक्त घर सापडेना. ०,० म्हणजे रूटची, मुख्य फाइलसिस्टिमची, डिस्क त्याला ओळखताच आली नाही. एनव्हीएमई (डिस्कचा) नि ईएक्सटी४ (फाइलसिस्टिमचा) हे ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे कर्नलबाहेरच्या वेगळ्या फाइली म्हणून ठेवलेस ना? ती मॉड्यूल्स डिस्कवर, आणि डिस्क वाचायला तीच हवीत. किल्ली कपाटात नि कपाटाला कुलूप! इनिटरामएफएस, म्हणजे असे ड्रायव्हर घेऊन कर्नलसोबत मेमरीत येणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम, असते ती यासाठीच. ड्रायव्हर कर्नलमध्येच बसवलेस तरी ग्रबच्या ओळीत रूटपुढे फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) असेल, तर एकट्या कर्नलला तो कळत नाही. पार्टयूयूआयडी, म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनचा क्रमांक, कळतो.

छावणीतली ताई: पलटणीचं मी सांगते. हा शब्द दाण्याचा. जुन्या इंग्रजीत ‘कॉर्न’ म्हणजे दाणा, त्याचंच हे लहान रूप. म्हणून तर आपण कमांड देतो ते बाहेरचं ‘शेल’, कवच. आंब्याची कोय फोडली की आत निघतो तो कर्नल, कोय नव्हे. मराठीत ‘मगज’ चपखल बसला असता, पण आपल्याकडे मगज म्हटलं की लाडूच आठवणार. ‘गाभा’ पुस्तकी आहे, कबूल. निदान ‘कर्नेल’ लिहा, म्हणजे फौजेतल्या साहेबांशी घोळ नको.

रामबागवाला: बरं, कर्नेल. बीझेडइमेज (कंपाइल झालेल्या कर्नेलची फाइल) मी हातानेच बूट फोल्डरात टाकली होती, इनिटरामएफएस केलीच नव्हती. ग्रबच्या अॅडव्हान्स्ड यादीतून जुन्या कर्नेलमध्ये शिरलो, नव्या आवृत्तीचं नाव देऊन अपडेट-इनिटरामएफएस चालवलं, मग अपडेट-ग्रब. बहिणीला ओरडून सांगितलं, “उठलं!” तर म्हणते, “मशीन उठत नाही, चालू होतं.”

रात्रपाळी: पुण्यात चालू होत असेल. इंदूरात उठतं, भिया.