शॅपरोन = पाठराखीण?

उंबरठा: बारावीच्या मुलांसाठी टिपण लिहितेय. पेशीच्या आत काय शिजतंय त्याची वानगी एचएलए वर्ग १ चे रेणू (ही प्रथिनंच) पृष्ठभागावर नेऊन टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना, दाखवतात. याला ‘प्रतिजन सादरीकरण’ लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली, सादरीकरण गॅदरिंगमध्ये असतं. दुसरा शब्द? शिवाय आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यात, या रेणूची घडी नीट बसेपर्यंत त्याला सांभाळणारी प्रथिनं, म्हणजे शॅपरोन. त्यांना ‘पाठराखीण’ म्हटलंय. चालेल?

जुनी वही: पाठराखीण फक्कड!

पिपेट: नाही पटलं. पाठराखीण नवरीबरोबर सासरी जाते. कॅलरेटिक्युलिन हे शॅपरोन माहेरी, जालिकेतच राहतं. प्रोटिअसोम या पेशीतल्या कात्रीने तोडलेले प्रथिनांचे तुकडे टॅप नावाचा वाहक जालिकेत आणतो, त्यातला साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा एचएलए रेणूच्या खाचेत घट्ट बसला की रेणू गॉल्गी या पेशीतल्या पाठवणीच्या ठाण्यामार्गे पृष्ठभागाकडे निघतो. कॅलरेटिक्युलिन चुकून गॉल्गीपर्यंत गेलंच, तर त्याला परत आणतात.

जुनी वही: परत येणं हेच तर पाठराखिणीचं काम! आईबरोबर तिची आत्या गेली होती, चौथ्या दिवशी माघारी.

पिपेट: पण सासर बघून आली ना?

रानवारा: मग करवली म्हणा.

जुनी वही: करवली मिरवते हो, राबत नाही.

शुद्धमती: ‘परिरक्षी प्रथिन’ लिहा. शास्त्रात लग्नघर कशाला?

पिपेट: शॅपरोन तरी कुठून आलाय? फ्रेंचमध्ये आधी डोक्यावरची टोपी, पुढे तरुण मुलींबरोबर जाणारी पोक्त बाई. रॉन लास्की आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये तो न्यूक्लिओप्लाझ्मिन या प्रथिनाला लावला.

रानवारा: तिथेच एक ‘टपासिन’ही असतं म्हणे. ढिला बसलेला तुकडा काढून घट्ट बसणाऱ्याला जागा करून देतं. तपासीन! नाव ठेवणारा मराठीच असणार.

पिपेट: छे! टॅपला चिकटून असतं म्हणून टपासिन.

रानवारा: तुमची व्युत्पत्ती खरी, माझी गोड.

उंबरठा: आणि सादरीकरणाचं काय?

नवखा: पण ‘तपासेन’ ना? आम्ही तेच म्हणतो.

शुद्धमती: क्रियापद सकर्मक आहे. करीन, तपासीन. अकर्मक असेल तर बसेन, उठेन.

नवखा: आख्खं पुणे ‘करेन’ म्हणतं.

शुद्धमती: आख्खं पुणे सिग्नलही तोडतं.

जुनी वही: आमच्याकडे तर ‘करंन’. आता बोला.