पिसं साफ करणारा पक्षी निवांत असतो, म्हणून होडी पुढे घ्यायची का?

शेकाट्या:
उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात होडीतून फिरताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पिसं साफ करतोय, म्हणजे निवांत आहे. घ्या अजून पुढे." भिगवण, कुंभारगाव, डिकसळ, कुठेही जा. माझं म्हणणं याच्या उलट आहे. अशा पक्ष्यापासून आपण जास्तच लांब थांबायला हवं. तो रिकामा बसलेला नसतो, दिवसातलं एक मोठं काम उरकत असतो.

पिसाच्या दांडीला दोन्ही बाजूंना तंतू असतात, तंतूंना आणखी बारीक तंतू, आणि त्यांना सूक्ष्म आकडे. उडताना, घासताना हे आकडे सुटतात आणि पीस फाटल्यासारखं दिसतं. पक्षी एकेक पीस चोचीत धरून बुडापासून टोकापर्यंत ओढतो, तेव्हा ते परत एकमेकांत अडकतात. मधूनच मान मागे वळवून शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीचं तेल चोचीला लावून घेतो. राखी बगळ्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या छातीवर काही पिसं अशी असतात की त्यांची टोकं झडून भुकटी होते. माशाचा चिकटा लागलेल्या पिसांवर तो ती भुकटी चोळतो आणि मग मधल्या बोटाच्या दातेरी नखाने विंचरून काढतो. हे सलग पाहायला मिळालं तर कॅमेरा मांडीवर ठेवून पाहावं.

६२ जातींच्या निरीक्षणांवरून काढलेली सरासरी अशी की पक्षी दिवसाचा सुमारे ९ टक्के वेळ अंगाची निगा राखण्यात घालवतात, आणि त्यातला बहुतेक पिसांवर जातो. आपल्याकडे हिवाळा काढून पट्टकदंब हंस हिमालय ओलांडतात ते याच पिसांच्या भरवशावर.

म्हणून माझा आग्रह असा: इंजिन लांबच बंद करा. पक्ष्याची चोच पिसांतून निघून मान वर आली की होडी तिथेच थांबवा. तो पुन्हा कामाला लागला तरी पुढे सरकू नका.

सहाशे_एमएम:
पूर्ण असहमत. डोकं पिसांत खुपसलेलं असताना पक्ष्याला आजूबाजूचं कमी दिसतं. भीती असती तर त्याने हा धोका पत्करलाच नसता. तो साफसफाई करतोय याचा अर्थच आपण त्याला चालतोय.

दुसरं, मान वर येणं ही कसली खूण? माणूस मैलभर लांब असला तरी पक्षी दर थोड्या वेळाने मान वर करून घार वगैरे बघतोच. तुमच्या नियमाने होडी किनाऱ्यावरून सुटायचीच नाही. उजनीवरचे पक्षी पिढ्यान् पिढ्या मासेमारांच्या होड्या बघत आलेत, जाळ्यांच्या आसपासच चरतात. आणि तुम्ही वर लिहिलेलं ते दातेरी नख लोकांना फोटोतच दिसतं, ते जवळून काढलेल्या.

शेकाट्या:
"भीती असती तर साफ केलं नसतं" हे तितकं सरळ नाही. १९५८ साली व्हॅन इर्सेल आणि बोल या दोन संशोधकांनी सुरय (टर्न) पक्ष्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अंड्यांवर बसावं की पळावं अशा कात्रीत सापडलेला पक्षी नेमका तेव्हाच पिसांत चोच घालायला लागतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे घाबरलेला पक्षीही पिसं साफ करतो. अशी साफसफाई बहुधा तोकडी आणि घाईची असते: दोनदा चोच लावली, थांबला, बघितलं, परत दोनदा. खरा निवांत पक्षी एका पंखाकडून दुसऱ्याकडे सावकाश जातो, मध्येच एका पायावर उभा राहून पंख ताणतो. लेन्समधून हा फरक दिसतो, बघायची तयारी मात्र हवी.

मासेमारांच्या होडीबद्दल: ती आपल्या वाटेने जाते. आपली होडी थेट पक्ष्यावर रोखून येते आणि त्याच्यासमोर थांबून राहते. या दोन होड्या पक्ष्याच्या दृष्टीने एक नाहीत.

नावाडी_भीमाकाठ:
दादा, तुमचं पटतंय, पण होडी आम्ही चालवतो. पैसे देणारा म्हणतो पुढे घ्या. नाही घेतली तर पुढच्या वेळी तो दुसऱ्याच्या होडीत बसतो, आणि तो दुसरा घेतो पुढे. पक्षी उडायचा तो उडतोच, माझं गिऱ्हाईक मात्र जातं. आमच्यातले बरेच जण लांबून इंजिन बंद करून बांबूने रेटतात, ते कुणी शिकवलं नव्हतं. नियम करायचा तर होडीत बसणाऱ्यासाठी करा. आम्हाला नुसतं "थांब" म्हणणारं गिऱ्हाईक द्या, आम्ही थांबतो.

पाणवेल:
नावाडी भाऊंच्या म्हणण्याला माझा पाठिंबा. मी होडीत बसल्या बसल्याच सांगते, "रोहित (फ्लेमिंगो) उडाले नाहीत तरी चालेल." त्यांना उडवून फ्लाइट शॉट मिळवणारे मी पाहिलेत, आणि ते पाहून संताप येतो.

रोहितचं एक सांगायलाच हवं. स्पेनमधल्या मोठ्या रोहितांवरचा २०११ चा अभ्यास आहे. हे पक्षी शेपटीजवळच्या ग्रंथीवर गाल घासतात आणि मग तोच गाल मान, छाती, पाठीवर फिरवतात. त्या तेलात रंगद्रव्य असतं, त्यामुळे गुलाबी रंग गडद होतो. जोडीदार निवडायच्या काळात हे जास्त चालतं. आपण ज्या रंगासाठी भिगवणला धावतो, त्यातला काही भाग पक्ष्याने स्वतः बसून चढवलेला असतो. ते काम मोडून त्या रंगाचा फोटो काढायचा, हे मला पटत नाही.

सहाशे_एमएम:
रोहित मुद्दाम उडवणाऱ्यांचं समर्थन मी कधीच केलेलं नाही, मला त्यांच्यात मोजू नका. इंजिन बंद करणं मान्य. घाईची साफसफाई आणि सावकाश साफसफाई हा फरकही मान्य, तो मी यापुढे बघेन. पण मान वर करण्याचा नियम अजून पटलेला नाही. दोनशे रोहितांच्या थव्यात कुणाची ना कुणाची मान वर असतेच. मग कोणाकडे बघून थांबायचं?

शेकाट्या:
रास्त प्रश्न. थव्यात एकट्याची मान बघू नका. आपल्या बाजूच्या कडेचे पक्षी बघा. त्यातल्या तिघाचौघांनी एकदम चोच बाहेर काढली आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले, तर आपण आधीच जास्त पुढे आलोय. रोहित लगेच उडत नाहीत, आधी चालत दूर सरकतात, कारण उडायला त्यांना पाण्यावरून धावत जोर घ्यावा लागतो. ते चालणं सुरू व्हायच्या आत थांबायचं. उरलेलं अंतर क्रॉप करून भरून निघतं, आजकालच्या पंचेचाळीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत तर सहज.

नावाडी_भीमाकाठ:
कडेच्या पक्ष्यांचं बरोबर सांगितलंत. आम्ही तेच बघतो. फक्त होडीत पुढे बसलेल्यांनी उभं राहू नये. माणूस उभा राहिला की होडी जागेवर असली तरी कडेचे सगळे चालायला लागतात.