कोळी कॅरेक्टरच्या हातात ट्रायडेंट की ग्रेटसोर्ड? तुमचं मत सांगा

बंदरवाला:
१ जूनपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत होड्या वर काढलेल्या, त्यामुळे रत्नागिरीत आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) ग्रुप सध्या दर रविवारी फुल्ल असतो. हर्णैचा एक नवीन मुलगा यायला लागलाय, घरची बोट आहे, शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद) पहिल्यांदाच हातात घेतली त्याने. त्याने कॅरेक्टर केलं बेटावरचा कोळी, फायटर क्लास म्हणजे लढवय्या, स्ट्रेंग्थ (ताकद) १६, आणि शस्त्रांच्या रकान्यात लिहिलं ट्रायडेंट (त्रिशूळ), ढाल आणि जाळं. तर आमच्यातल्याच एका जुन्या खेळाडूने ते खोडून तिथे ग्रेटसोर्ड (दोन हातांची मोठी तलवार) लिहिलं, म्हणे फायटर असून एवढं कमी डॅमेज चालणार नाही. पोरगा काही बोलला नाही पण नंतर दोन तास गप्पच होता.

माझं मत स्पष्ट आहे. आधी कॅरेक्टर कोण आहे ते बघा, काय काम करत मोठा झाला, कुठे लढणार, लढताना कुठे उभा राहणार आणि त्याचे हात कशात अडकलेले असणार, मग शस्त्र. फाशांचा नंबर सगळ्यात शेवटी. माडावर चढणारा माणूस कुऱ्हाड घेऊन चढत नाही, त्याच्या कमरेच्या आकडीला कोयता असतो, कारण एक हात माडाला लागतो. या कोळ्याचंही तेच आहे, आमची अर्धी मोहीम होड्यांवर आणि पाण्यात चाललीये. तुम्ही काय केलं असतं?

फाशांचा_हिशोब:
खोडायला नको होतं हे मान्य, दुसऱ्याच्या शीटला हात लावायचा नाही. पण तो जुना खेळाडू जे म्हणाला ते बरोबर आहे आणि ते का बरोबर आहे हे नवीन मुलाला कुणीतरी नीट सांगायला हवं.

२०१४ च्या नियमांत ट्रायडेंट म्हणजे १डी६, सहा बाजूंचा एक फासा, सरासरी साडेतीन. ग्रेटसोर्ड २डी६, सरासरी सात. म्हणजे सरळ दुप्पट. त्यात ग्रेट वेपन फायटिंग स्टाइल घेतली की १ आणि २ आलेले फासे परत टाकता येतात, सरासरी ८.३३ वर जाते, स्ट्रेंग्थ १६ चे वरचे ३ धरून एका वाराला ११.३३. आणि त्याच पुस्तकात ट्रायडेंटचं सगळ्यात वाईट काय माहितीये? भाला आणि ट्रायडेंट दोघांचं डॅमेज एकच, फेकायचं अंतर एकच, पण भाला सिंपल वेपन, किंमत १ सोन्याचं नाणं, आणि ट्रायडेंट मार्शल वेपन (खास शिक्षण लागणारं), ५ नाणी, वर वजनाला जास्त. म्हणजे जास्त पैसे देऊन तेच मिळतंय.

अजून एक, याचा विचार नवीन माणूस कधीच करत नाही. पुढे जादूची शस्त्रं मिळायला लागतात तेव्हा मार्गदर्शक पुस्तकातल्या यादीत तलवारींची रांग आहे, फ्लेम टंग, फ्रॉस्ट ब्रँड, व्होर्पल सोर्ड. नावाने ट्रायडेंट म्हणून एकच, ट्रायडेंट ऑफ फिश कमांड. आठव्या लेव्हलला सगळ्यांच्या हातात जळत्या तलवारी आणि हा अजून बाजारातला त्रिशूळ घेऊन फिरतोय, तेव्हा त्याला जे वाईट वाटेल ते आजच्या पेक्षा जास्त असेल. आणि चार जणांच्या पार्टीत फायटरसमोरचा राक्षस एक राउंड जास्त जगला तर मार क्लेरिकला (बरं करणाऱ्या पुजाऱ्याला) बसतो, फायटरला नाही. आपल्या आवडीची किंमत दुसऱ्याने का द्यायची?

मालवणी_झील:
माका एकच सांगूचा आसा, पोराक काय होया ता पोराक इचारा. बाकी सगळा नंतर.

गुहागरची_डीएम:
हिशोब दादा, तुमची आकडेमोड बरोबर आहे पण अर्धीच आहे. तुम्ही ट्रायडेंट नुसता धरलात, त्याने तर ढाल पण लिहिलीये. एका हातात ट्रायडेंट, दुसऱ्यात ढाल, मग स्टाइल डुएलिंगची घ्यायची, तिचे २ सरळ डॅमेजमध्ये येतात. साडेतीन अधिक तीन अधिक दोन, साडेआठ. तुमचे ११.३३ आणि त्याचे ८.५, दुप्पट कुठे राहिलं? आणि ढालीमुळे आर्मर क्लास (वार लागायला फाशावर लागणारा आकडा) २ ने वर, म्हणजे समोरच्याचे वीसमधले दोन आकडे वाया. तो फायटर पुढे उभा राहून मार खाणार असेल तर क्लेरिकचे स्पेल त्याच्यावर कमी खर्च होतील, हाही पार्टीचाच फायदा ना.

आता पाण्यातलं बघा. २०१४ च्या नियमात पोहण्याचा स्पीड नसलेल्याने पाण्याखाली जवळून वार केला तर डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे वीसचा फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा; सूट फक्त डॅगर, जॅव्हलिन, शॉर्टसोर्ड, भाला आणि ट्रायडेंटला. समजा लागण्याची शक्यता ६५ टक्के आहे. डिसअ‍ॅडव्हान्टेजने ती ४२ वर येते. ग्रेटसोर्डचे ११.३३ गुणिले ४२ टक्के म्हणजे पावणेपाचच्या आसपास, ट्रायडेंटचे साडेआठ गुणिले ६५ टक्के म्हणजे साडेपाच. पाण्यात तुमची तलवार हरते आणि बंदरवाला म्हणतायत की अर्धी मोहीम पाण्यात आहे.

जादूच्या शस्त्रांचं तर मला अजिबात पटत नाही. खजिना डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, ठेवतो. माझ्या टेबलावर कुणी ट्रायडेंट घेतला असेल तर मी तलवारींचा ढीग कशाला ठेवीन? आणि ती फिश कमांड कोळ्याला नको तर कुणाला द्यायची, तीन चार्ज असतात, पोहणाऱ्या प्राण्याला काबूत घेता येतं, खाडीच्या मुखाशी लढाई असेल तर अख्खा सीन त्याचा होतो.

फाशांचा_हिशोब:
ताई, डुएलिंगचं मान्य, ते मी धरायला हवं असं तुमचं म्हणणं बरोबर. पण जमिनीवर त्याच ६५ टक्क्यांनी ग्रेटसोर्ड ७.४ देते आणि ट्रायडेंट ५.५. पाण्यातला फायदा पाऊण, जमिनीवरचा तोटा जवळजवळ दोन. अर्धी अर्धी मोहीम धरली तरी तलवारच पुढे. आणि ज्या टेबलावर डीएम तुमच्यासारखी नाही, छापलेलं साहसच वाचून चालवणारी आहे, तिथे खजिना बदलत नाही. नवीन मुलगा उद्या पुण्यात कॉलेजला गेला, दुसऱ्या ग्रुपमध्ये बसला, तर? शस्त्र असं शिकवावं की कुठेही चालेल.

खाडीपलीकडचा:
मी टेबलवर खेळत नाही, कॉम्प्युटरवर खेळतो, एल्डन रिंग आणि बाल्डर्स गेट ३, तरी बोलतो. एल्डन रिंगमध्ये (२०२२ चा गेम) शस्त्राच्या डॅमेजपेक्षा त्याच्या हालचाली महत्त्वाच्या, किती वेळात वार सुटतो, चुकल्यावर किती वेळ तू उघडा पडतोस. शेकडो शस्त्रं आहेत आणि प्रत्येकाचं स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटीशी (चपळाईशी) नातं ई पासून एस पर्यंतच्या अक्षरांत दिलेलं असतं, दोन्ही हातांनी धरलं तर तुझी स्ट्रेंग्थ दीडपट धरतात. नवीन पोरं सगळ्यात मोठी तलवार घेतात, ती उचलण्यापुरते पॉइंट टाकतात, मग आयुष्य वाढवायला काही उरत नाही आणि दुसऱ्याच फटक्यात मरतात. म्हणून मला बंदरवाल्याचं पटतं, हातात बसेल ते घ्यावं. फक्त तिथे एकटा खेळतोय त्यामुळे माझ्या निवडीचा त्रास मलाच, हे हिशोबवाल्याच्या बाजूने जातं.

गलबत_आणि_गुराब:
सगळे फाशांवर बोलताय, मी शस्त्रांवर बोलतो. जगात बहुतेक सगळीकडे सैन्याचं मुख्य शस्त्र भाल्याच्या जातीचंच होतं, तलवार बहुतेकांच्या कमरेला, दुसरं शस्त्र म्हणून. गेममध्ये ते उलटं झालंय, तलवार राजा आणि भाला गरिबाचा, आणि हे मला फार खटकतं. ग्रेटसोर्डचं वजन पुस्तकात ६ पौंड दिलंय, म्हणजे पावणेतीन किलो, ते ठीकच आहे, खऱ्या दोन हातांच्या तलवारी दोन ते तीन किलोच्याच असायच्या, प्रश्न वजनाचा नाहीच. प्रश्न जागेचा. आंग्र्यांच्या आरमाराची लढण्याची रीत वाचा, गुराबांनी (मोठ्या जहाजांनी) तोफा डागायच्या आणि गलबतांतून (लहान, चपळ जहाजांतून) माणसं भरून शत्रूच्या जहाजावर चढवायची. त्या गर्दीत, दोरखंड, शीड, काठी, बाजूला आपलाच माणूस, तिथे पाच फुटी तलवार फिरवणार कुठे? भोसकणारं शस्त्र पुढे मागे चालतं, त्याला फिरवायला जागा लागत नाही.

आणि यावरून दुसरं. कोकणातला ग्रुप म्हटला की लगेच कुणीतरी दांडपट्टा आणतो. मला दांडपट्टा जिवापाड आवडतो पण तो होडीत देऊ नका. पातं लांब आणि लवचीक, मूठ लोखंडी खोळीत, मनगट वळत नाही, सगळा वार कोपर आणि खांद्यातून येतो, त्याला चारी बाजूंनी मोकळी जागा पाहिजे. तटावर, मैदानात, दहा जणांना दूर ठेवायला द्या.

फाशांचा_हिशोब:
नियमात दोरखंड कुठे आहेत? डीएमने जागेचा नियम लावला तरच हे लागू. लावणार असेल तर आधी सांगावं, म्हणजे सगळेच त्या हिशोबाने शस्त्र घेतील.

बंदरवाला:
लावणार आहोत, डीएमशी आजच बोललो. होडीत उभं राहून दोन हातांचं जड शस्त्र फिरवलं तर आधी तोल सांभाळायचा रोल. हिशोब भाऊ, तुमचा एक मुद्दा मला लागला, दुसऱ्या ग्रुपमध्ये गेला तर. पण मला वाटतं पहिल्या मोहिमेत जो मुलगा स्वतःचं शस्त्र स्वतः निवडून, त्याने काय होतं आणि काय होत नाही हे अनुभवतो तोच पुढे कुठल्याही टेबलावर नीट निवडेल. पहिल्याच दिवशी त्याच्या हातून काढून घेतलं तर तो फक्त दुसऱ्याची शीट उतरवायला शिकेल.

आणि जाळ्यावर कुणीच बोललं नाही! घरी वडिलांचा पाग (हाताने फेकायचं जाळं) आहे, म्हणून त्याला सगळ्यात जास्त हवं होतं ते जाळंच.

गुहागरची_डीएम:
जाळ्यासाठी २०२४ चे नियम घ्या. जुन्यात जाळं जवळजवळ कायम डिसअ‍ॅडव्हान्टेजनेच टाकावं लागायचं, पाच फुटांपुढे अंतर लांबचं धरतात आणि पाच फुटांच्या आत शत्रू असला तर त्याचाही त्रास. नव्यात अटॅक करताना एका वाराऐवजी जाळं टाकता येतं, १५ फुटांपर्यंत, समोरचा डेक्स्टेरिटीचा सेव्ह, म्हणजे वाचायचा रोल, करतो, चुकला की अडकला, फक्त खूपच मोठ्या प्राण्यांना चालत नाही. अडकलेल्याचा स्पीड शून्य, त्याच्यावर सगळ्यांना अ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा, ज्याला ५० टक्के लागत होतं त्याला ७५ टक्के लागणार, आणि तुमच्या रॉगला (चोरट्या लढवय्याला) स्नीक अटॅकचं जादा डॅमेज मिळणार. हिशोब दादा, हे डॅमेज कुणाच्या खात्यात धरणार?

फाशांचा_हिशोब:
धरलं, कोळ्याच्याच खात्यात. २०२४ घेत असाल तर माझं अर्धं भांडण संपतं, तिथे ट्रायडेंट १डी८ झालाय, दोन हातांनी १डी१०, आणि टॉपल मास्टरी आहे, लागला की समोरचा कॉन्स्टिट्यूशन (दमाचा) सेव्ह चुकला तर आडवा. कोरड्या जमिनीवरच्या मोहिमेला मी आजही ग्रेटसोर्डच सांगेन, त्यात बदल नाही. पण एक बघा, ट्रायडेंट आणि ढाल दोन्ही हातात असताना जाळं कुठल्या हाताने टाकणार? ढाल काढायला एक अ‍ॅक्शन जाते.

मालवणी_झील:
ट्रायडेंट फेकूचो रे आधी! २० फुटांपर्यंत फेकता येतो. पाचव्या लेव्हलला दोन वार मिळतात, पहिल्या वारात ट्रायडेंट फेकायचा, हात मोकळा झाला, दुसऱ्या वाराऐवजी जाळं. मग पुढच्या टर्नला कमरेचा डॅगर काढायचा नाहीतर पुढे जाऊन आपला ट्रायडेंट उपसायचा.

बंदरवाला:
हे भारी आहे. पाचव्या लेव्हलपर्यंत एकाच वारात भागवायला लागेल, तोवर एक टर्न फेक, एक टर्न जाळं. रविवारी त्याला कोरी शीट देतोय, शस्त्रांचा रकाना तोच भरेल, डॅगर तेवढा मी सुचवीन.