अगस्ती : ऋषी, तारा, झाड आणि गावे यांना एकच नाव कसे पडले?

गोत्रज यांचा प्रश्न :

आमचे गोत्र अगस्ती. आमच्या परसात हादग्याचे एक झाड होते. आजी मला पूजेसाठी फुले आणायला सांगायची तेव्हा त्याच झाडाला ‘अगस्ता’ म्हणायची आणि भाजीसाठी फुले हवी असली की ‘हादगा’ म्हणायची. माघातल्या रात्री वडील अंगणात उभे राहून दक्षिणेकडे बोट करत आणि व्याधाच्या खाली, झाडांच्या शेंड्यांच्या जरा वर, एक शांत पांढरा तारा दाखवून ‘हा अगस्ती’ असे सांगत. पुढे अकोले गावी प्रवरेकाठचा अगस्ती आश्रम पाहिला आणि या वर्षी बदामीला गेलो, तर तिथल्या तळ्याचे नावही अगस्त्यतीर्थच निघाले.

माझी शंका अशी आहे की ऋषींचे नाव या सगळ्यांना मागाहून दिले गेले, की तारा किंवा झाड आधीचे असून ऋषींना ते नाव मिळाले? ‘अगस्त्य’ आणि ‘अगस्ती’ ही एकाच शब्दाची शुद्ध आणि बोली रूपे समजावीत का? आणि मुली हस्तात जो हादगा खेळतात त्याचा या झाडाशी काही संबंध आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

शब्दवेध यांचे उत्तर :

आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर थेट पाणिनीकडे मिळते. ‘अगस्ती’ हे ‘अगस्त्य’चे बिघडलेले रूप आहे असा समज सर्वत्र आढळतो, पण तो बरोबर नाही. त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातील चौथ्या पादात एक सूत्र आहे. अगस्त्याच्या वंशजाला ‘आगस्त्य’ म्हणावे, परंतु अशा वंशजांचा उल्लेख अनेकवचनात करायचा असेल तेव्हा त्या शब्दाच्या जागी ‘अगस्ति’ हे रूप घ्यावे आणि ‘अगस्तयः’ म्हणावे, असे ते सांगते. मूळ पुरुष एक आणि त्याच्या नावाने ओळखले जाणारे कुळातले लोक अनेक, हा फरक भाषेनेच नोंदवून ठेवला आहे. आपण गोत्र सांगताना ‘अगस्ती’ म्हणता, ते म्हणूनच अगदी शास्त्रशुद्ध आहे. गोत्रांच्या गणनेतही या नावाची जागा वेगळी आहे. सप्तर्षी आणि आठवा अगस्त्य, या आठांची जी संतती तिला गोत्र म्हणावे, अशी बौधायनांची व्याख्या आहे. सात जणांच्या मोजणीत न बसणारा, पण ज्याला वगळून मोजणी पुरी होत नाही, असा हा आठवा पुरुष आहे.

कोणते नाव आधीचे, याचे उत्तर लिखित पुराव्यापुरते देता येते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 165 ते 191 या सूक्तांपैकी बहुतेक सूक्ते अगस्त्यांच्या नावावर आहेत आणि 179व्या सूक्तात लोपामुद्रेशी त्यांचा संवाद आहे. तिथे हे नाव माणसाचे आहे. सातव्या मंडलात मित्र आणि वरुण यांच्यापासून कुंभात झालेल्या जन्माची कथा येते. कुंभयोनी, घटोद्भव आणि मैत्रावरुणी ही त्यांची पुढची सगळी नावे त्या कथेतून निघाली. तारा आणि झाड यांना हे नाव ठळकपणे जोडलेले दिसते ते त्यानंतरच्या वाङ्मयात.

---

उत्तररात्र यांचे उत्तर :

नाव आधी ऋषींचे, हे मान्य करूनही ते याच ताऱ्याला का मिळाले असेल, याचे कारण आकाशात पाहता येते. गेली अनेक वर्षे मी हा तारा पाहत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा अगस्ती हाच आहे. व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे आणि अगस्ती सुमारे 310 प्रकाशवर्षांवर. इतक्या अंतरावरून तो एवढा ठळक दिसतो, यावरून त्याचे मूळचे तेज किती प्रचंड असेल याची कल्पना यावी. तो खगोलाच्या फार दक्षिणेला आहे. त्यामुळे दिल्लीहून तो क्षितिजावर जेमतेम नऊ अंश चढतो, नागपुरात सोळा, पुण्यात एकोणीस आणि कन्याकुमारीला एकोणतीस अंश. विंध्य ओलांडून जो जो दक्षिणेला जावे तो तो हा तारा वर येत जातो. विंध्याला वाकायला लावून दक्षिणेला गेलेला आणि परत न आलेला ऋषी ज्यांनी या ताऱ्यात पाहिला, त्यांनी कथा आणि निरीक्षण अशा दोन्ही गोष्टी एकाच नावात ठेवल्या, असे मला मनापासून वाटते.

याहून महत्त्वाची गोष्ट ऋतूची आहे. महाराष्ट्रातून पाहिले तर मे महिन्याच्या मध्यास अगस्ती संध्याप्रकाशात बुडून दिसेनासा होतो आणि साधारण तीन महिन्यांनी, ऑगस्टच्या मध्यानंतर, पहाटे आग्नेय-दक्षिणेच्या क्षितिजावर पुन्हा उगवतो. पंचांगात अगस्त्य लोप आणि अगस्त्य दर्शन म्हणून जे दिवस दिलेले असतात ते हेच. म्हणजे पावसाचे ढग चढण्याच्या बेतात असताना तो जातो आणि पाऊस ओसरू लागताना येतो. ओढ्यानाल्यांचे गढूळ पाणी याच सुमारास निवळते. अगस्त्यांच्या उदयाने पाणी प्रसन्न झाले, असे कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात म्हटले आहे, आणि अगस्ती उगवला की वाटेवरचे पाणी आटते, असे तुलसीदासांनी किष्किंधाकांडात म्हटले आहे. कालकेय दैत्य समुद्रात दडले तेव्हा ज्याने समुद्र पिऊन टाकला, तोच हा तारा पावसाळ्याचे पाणीही पितो, असा तो भाव आहे.

वराहमिहिराने बृहत्संहितेत अगस्त्यचार नावाचा स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. सूर्य कन्या राशीत जायला सात अंश उरले असताना उज्जयिनीला अगस्त्य दिसतो, पण उदयाचा काळ प्रत्येक देशासाठी गणिताने निराळा काढावा, असे तो स्पष्ट सांगतो. स्थळानुसार उदयाचा दिवस बदलतो हे त्या काळी नेमके माहीत होते, याचा मला फार आदर वाटतो. भाद्रपदात अगस्त्याला अर्घ्य देताना जो श्लोक म्हणतात, त्यात त्याला काशाच्या फुलासारखा पांढरा म्हटले आहे, आणि काशाचे गवत फुलते तेही याच दिवसांत.

---

पानमळा यांचे उत्तर :

झाडाविषयी मला लिहिता येईल, कारण आमच्या पानमळ्यात वेल चढवायला शेवरी, पांगारा आणि हादगा ही तिन्ही झाडे लावत असत. हादगा भराभर वाढतो, त्याची सावली विरळ असते आणि शेंगवर्गातले झाड असल्यामुळे जमिनीचा कसही वाढतो. त्याचे आयुष्य मात्र थोडे असते. विदर्भात याच झाडाला हेटा म्हणतात, तमिळमध्ये अगत्ती, आणि जुन्या निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांत, अगस्त्य, मुनिद्रुम, वंगसेन व वक्रपुष्प अशी त्याची नावे आढळतात. यांतले वक्रपुष्प हे नाव ज्याने ठेवले त्याने फूल हातात घेऊन पाहिले असणार. बोटाएवढी लांब कळी कोयरीसारखी वाकलेली असते आणि उमलली तरी तिचा बाक जात नाही.

पाऊस सरत आला की झाडाला फुले लागू लागतात. आई सकाळी त्यांचा सडा वेचून आणायची, प्रत्येक फूल उघडून मधला केसराचा दांडा खुडून टाकायची, कारण तो राहिला तर सगळी भाजी कडू होते, आणि मग लसूण व हिरवी मिरची घालून परतायची. भिजवलेली मुगाची डाळ घातली तर भाजी अधिक चांगली होते. तांबड्या फुलांचाही हादगा असतो, पण आमच्याकडे भाजीला पांढराच घेत. पहाटे दक्षिणेला पांढरा तारा आणि सकाळी झाडाखाली पांढरी फुले, हे दोन्ही एकाच हंगामात येते. उत्तररात्र यांनी जे लिहिले आहे ते वाचून हे नाव झाडाला का पडले, ते मला प्रथमच नीट उमगले.

मुली खेळतात तो हादगा मात्र वेगळा. पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरतात. तो खेळ सूर्य हस्त नक्षत्रात असतानाचा आहे, आणि त्याचे नाव हस्ताशी, म्हणजेच हत्तीशी जोडले जाते. उच्चार सारखा आणि हंगामही जवळचा असल्यामुळे या दोहोंची गल्लत होते.

आणखी एक गल्लत टाळावी, म्हणून लिहितो. आयुर्वेदातला अगस्त्य हरीतकी नावाचा अवलेह, म्हणजे चाटण, खोकल्यावर आणि दम्यावर प्रसिद्ध आहे. त्यात हरडे, दशमुळे आणि जव असतात, पण अगस्ता हे झाड नसते. ते नाव पाठ सांगणाऱ्या ऋषींचे आहे, वनस्पतीचे नाही.

---

दक्षिणवाट यांचे उत्तर :

गावांच्या बाबतीत एकच नियम लागू होत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाण वेगळे तपासावे लागते.

बदामीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. बदामीचे जुने नाव वातापी. पहिल्या पुलकेशीने 543 मध्ये तिथे किल्ला बांधला आणि ती चालुक्यांची राजधानी झाली. इल्वल आणि वातापी या दैत्य भावांची गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे : वातापी बोकड व्हायचा, इल्वल त्याला शिजवून ब्राह्मणांना वाढायचा आणि मग हाक मारली की तो पोट फाडून बाहेर यायचा, अगस्त्यांनी मात्र त्याला खाऊन पचवून टाकले. जेवणानंतर पोटावरून हात फिरवत अगस्ती, कुंभकर्ण, शनी, वडवानल आणि भीम यांचे स्मरण करण्याची चाल आहे, तिच्यामागे हीच कथा आहे. परंतु महाभारताच्या वनपर्वात इल्वलाची नगरी मणिमती सांगितली आहे. त्यामुळे नगराचे नाव वातापी होते म्हणून कथा तिथे येऊन वसली आणि कथेच्या मागोमाग तळ्याला अगस्त्यतीर्थ हे नाव मिळाले, असा क्रम मला अधिक संभवनीय वाटतो.

अकोल्याची वाट निराळी आहे. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात राम अगस्त्यांच्या आश्रमात येतात, त्यांच्याकडून धनुष्य घेतात आणि त्यांच्याच सांगण्यावरून पंचवटीला जातात. तिथून पंचवटी दोन योजनांवर आहे, असे अगस्त्य सांगतात. नाशिकची पंचवटी मनात धरणाऱ्या लोकांनी आश्रम प्रवरेकाठी मानला, यात नवल नाही. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते.

सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवर, 1868 मीटर उंचीचे अगस्त्यकूडम आहे. ताम्रपर्णी नदी याच डोंगररांगेत उगम पावते. तमिळ परंपरेत अगत्तियर हे पहिल्या व्याकरणाचे कर्ते आणि त्या भाषेचे आद्य गुरू मानले जातात व त्यांचे निवासस्थान हाच डोंगर. या परिसरातील राखीव जीवावरणाला 2016 मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात स्थान मिळाले, म्हणजे हे नाव आता तिथल्या सगळ्या वृक्षवेली आणि प्राण्यांच्या घरालाही आहे. उलट दिशेला, केदारनाथच्या वाटेवर मंदाकिनीच्या काठी, अगस्त्यमुनी नावाचे गाव आहे.

समुद्रापलीकडे हे नाव जावापर्यंत पोहोचले. पूर्व जावातील दिनोयो येथील शके 682, म्हणजे इ. स. 760च्या शिलालेखात, जुनी लाकडी मूर्ती जीर्ण झाल्यामुळे राजाने अगस्त्यांची काळ्या पाषाणाची मूर्ती घडवून स्थापली, असे कोरले आहे. प्रंबानन येथील शिवमंदिरात अगस्त्यांची मूर्ती आहे ती दक्षिणेकडच्या गाभाऱ्यात. त्यांची दिशा तिथेही सुटलेली नाही.

---

उत्तररात्र यांची पुरवणी :

एक गोष्ट राहून गेली. याच ताऱ्याला पाश्चात्त्य लोक कॅनोपस म्हणतात, आणि ते नावही असेच अनेकांत वाटले गेले आहे. ग्रीक कथेत कॅनोपस हा मेनेलाउसच्या जहाजाचा सुकाणूधारी. नाईल नदीच्या मुखाशी, अलेक्झांड्रियाच्या पूर्वेला, त्याच्या नावाचे नगर होते, आणि तिथे मानवी मुखाच्या घटाच्या रूपात देवाची पूजा होत असे. त्यावरूनच इजिप्तमधील ममीसोबत ठेवलेल्या कुंभांना पुढील संशोधकांनी कॅनोपिक हे नाव दिले. तारा एकच, इकडे कुंभातून जन्मलेला ऋषी आणि तिकडे कुंभाला मिळालेले नाव. या दोहोंत काही देवाणघेवाण झाली असे मी म्हणत नाही, आणि कोणी तसे म्हणू नये, असेही सुचवतो.

---

गोत्रज यांचे प्रत्युत्तर :

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. म्हणजे गोत्राला हे नाव वंशाने आले, ताऱ्याला आणि झाडाला ऋतूने आणि बदामीच्या तळ्याला कथेने, असे मी समजतो. आजी पूजेच्या वेळी अगस्ता आणि भाजीच्या वेळी हादगा असे का म्हणायची, तेही आता थोडेफार कळते. ते झाड वादळात पडून बरीच वर्षे झाली. पानमळा यांना एक विचारायचे आहे : हादगा बियांवरून लावावा की रोप आणावे, आणि काळ्या जमिनीत पाणी साचते तिथे तो तग धरेल का?

---

पानमळा यांचे उत्तर :

बियांवरूनच लावावा. बी रात्रभर पाण्यात भिजवून पावसाच्या तोंडाशी लावले तर सहज उगवते. पाणी थोडे दिवस साचले तरी हादगा सोसतो, पण वाऱ्याला त्याचे लाकूड फार ठिसूळ आहे, म्हणून आडोशाची जागा पाहावी आणि शेंडा एकदा खुडावा, म्हणजे झाड बुटके राहून फुले हाताला येतात.